४ मे १९४८ चा करारनामा

सिंधूच्या खोऱ्यातील पाणीतंट्याचे कागद वाचण्याचा मला फार वर्षांपासून नाद आहे, आणि १९६० च्या जगप्रसिद्ध सिंधू-जल तहनाम्यापेक्षा त्याच्या बारा वर्षे आधी दिल्लीत झालेला एक छोटेखानी करारनामाच माझ्या मनात अधिक घर करून राहिला आहे. त्यावर पाकिस्तानतर्फे गुलाम मोहम्मद, शौकत हयात खान व मुमताझ दौलताना यांच्या, तर भारतातर्फे पंडित नेहरू व सरदार स्वर्णसिंग यांच्या स्वाक्षऱ्या आहेत; आणि त्याच पंक्तीत पुण्याच्या राजकारणात वाढलेल्या, तेव्हा केंद्रात बांधकाम, खाणी व वीज या खात्यांचे मंत्री असलेल्या नरहर विष्णू ऊर्फ काकासाहेब गाडगीळांचीही स्वाक्षरी आहे, याची वाच्यता आपल्याकडे क्वचितच होते.

प्रसंग मोठा बिकट होता. कालव्यांची जुनी वहिवाट तूर्त चालू ठेवण्याचा जो करार पूर्व (भारतातील) व पश्चिम (पाकिस्तानातील) पंजाबांच्या मुख्य अभियंत्यांनी १९४७ च्या डिसेंबरात केला होता, त्याची मुदत ३१ मार्च १९४८ रोजी संपली. फाळणीच्या देण्याघेण्यासाठी नेमलेल्या लवादाचा कार्यकालही त्याच दिवशी सरला. आणि लगेच दुसऱ्या दिवशी पूर्व पंजाबाने सतलजवरील फिरोजपूर व रावीवरील माधोपूर येथून सीमेपलीकडे जाणारे पाणी बंद केले. खरिपाची पेरणी तोंडावर आली होती. कायद्याच्या दृष्टीने पूर्व पंजाबाची बाजू कितीही सबळ असो, ज्याचा राजकारणाशी काडीचाही संबंध नाही अशा कास्तकाराच्या शेताचे पाणी असे एकाएकी तोडणे अन्यायाचेच होते, असे माझे ठाम मत आहे.

मे महिन्याच्या आरंभी उभय पक्ष दिल्लीत बसले, आणि ४ तारखेच्या त्या मसुद्यात जे साधले ते मला विलक्षण वाटते. या पाण्यावर आपलाच संपूर्ण स्वामित्वहक्क आहे, हे पूर्व पंजाबाचे म्हणणे त्यात नमूद आहे, आणि ते पश्चिम पंजाबास मान्य नाही हेही नमूद आहे. म्हणजे ज्यावर तंटा त्याचा निकाल नाहीच. परंतु पलीकडच्यांना पर्यायी पाणी उभे करण्यास अवधी दिल्यावाचून एकाएकी पाणी तोडण्याचा आपला मानस नाही, असे आश्वासन पूर्व पंजाबाने दिले आहे. आणि पश्चिम पंजाबाने भारताचे पंतप्रधान ठरवतील ती रक्कम रिझर्व्ह बँकेत अनामत ठेवावी व तीतून निर्विवाद तेवढा भाग लगोलग पूर्व पंजाबाकडे वर्ग व्हावा, अशी तजवीज केली आहे. पाकिस्तानची स्वतःची मध्यवर्ती बँक त्या वेळी अस्तित्वातही आलेली नव्हती. हक्काचा प्रश्न अनिर्णित ठेवून पाणी मात्र वाहते करावयाचे, ही युक्ती साधी असली तरी तिच्यामागे मोठा समंजसपणा होता.

पुढे पाकिस्तानने हा करार दडपणाखाली झाल्याचे सांगून तो नाकारला, तर भारताने तो १९५० साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या दप्तरी नोंदविला. १९५१ मध्ये टेनेसी खोऱ्याच्या प्राधिकरणाचे माजी अध्यक्ष डेव्हिड लिलिएन्थल हे येथे येऊन गेले, आणि सबंध खोरे एक घटक मानून त्याचा विकास उभयतांनी मिळून करावा, असा विचार त्यांनी मांडला. त्यावरून जागतिक बँकेचे अध्यक्ष यूजीन ब्लॅक यांनी मध्यस्थी पत्करली. पण संयुक्त व्यवस्थेची कल्पना वाटाघाटींत टिकली नाही, आणि फेब्रुवारी १९५४ च्या बँकेच्या प्रस्तावात सतलज, बियास व रावी भारताकडे आणि सिंधू, झेलम व चिनाब पाकिस्तानकडे अशी सरळ वाटणी आली. १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत नेहरू व अयूबखान यांनी तिच्यावर शिक्कामोर्तब केले. पर्यायी कालव्यांच्या खर्चापोटी ६,२०,६०,००० पौंड दहा वार्षिक हप्त्यांत देण्याचे भारताने कबूल केले, आणि १९६५ च्या युद्धातही हप्ता चुकविला नाही. तहनाम्यावर सह्या झाल्या त्या दिवशी गाडगीळ चंदीगडला पंजाबचे राज्यपाल होते.

त्या तहनाम्याने नेमलेल्या व दोन युद्धांतून तगलेल्या सिंधू आयोगाचे मोल मी कमी लेखीत नाही. परंतु १९६० साली नद्यांचे विभाजन झाले, खोऱ्याची व्यवस्था झाली नाही, असे मला खेदाने म्हणावे लागते. दोन्ही पंजाबांत नलिकाकूपांनी अहोरात्र उपसल्या जाणाऱ्या भूजलाची व्यवस्था त्या तहनाम्यात नाही, आणि वितळणाऱ्या हिमनद्यांचा तर तेव्हा विचारही कोणी केला नव्हता. झेलम ज्यातून वाहते त्या काश्मीरच्या वुलर सरोवराच्या मुखाशी भारताने १९८४ मध्ये आरंभिलेले काम पाकिस्तानच्या हरकतीमुळे १९८७ मध्ये थांबले. ते नौकानयनासाठी की साठवणुकीसाठी, यावर फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या, परंतु स्वतः सरोवराच्या प्रकृतीची विचारपूस करण्याची तरतूदच तहनाम्याच्या कलमांत नाही.

पहलगामच्या हत्याकांडानंतर, २३ एप्रिल २०२५ रोजी, भारताने हा तहनामा स्थगित ठेवला. निरपराधांच्या रक्तपाताने जनमत संतप्त होणे स्वाभाविकच आहे. तथापि नव्या मसुद्याचा दिवस कधी उगवला, तर आपल्या वाटाघाटकारांनी १९४८ चा कागद प्रथम वाचावा, पर्यायी पाणी उभे करण्यास अवधी दिल्यावाचून एकाएकी पाणी तोडू नये हे कलम त्यातून जसेच्या तसे उचलावे, आणि भूजल व हिमनद्यांची मोजणी उभयतांनी एकत्र करावी असा आग्रह धरावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.