कार्ड खाटेचे, आजार घरचा
(मनोविकारतज्ज्ञ शोधणाऱ्या कुटुंबांसाठी आणि त्यांच्या कुटुंबवैद्यांसाठी)

गेली बत्तीस वर्षे मी इंदुरात कुटुंबवैद्य म्हणून व्यवसाय करीत आहे. मनोविकाराचा रुग्ण ज्या घरात असे, त्या घरातील माणसे पूर्वी मला एकच प्रश्न विचारीत : "डॉक्टरसाहेब, कोणाला दाखवावे?" अलीकडे त्या प्रश्नाला एक जोड मिळाली आहे : "आणि आमचे आयुष्मान कार्ड तेथे चालेल ना?" प्रश्न रास्त आहे. हृदयविकार असो की मूत्रपिंडाचा विकार, कार्ड चालणारे रुग्णालय आज बहुतेकांना ठाऊक असते. मनाच्या आजाराबाबत मात्र घरोघरी संभ्रम आढळतो. या संभ्रमापायी उपचार लांबतात, कधी तर मध्येच तुटतात. म्हणून आपल्या स्मरणिकेच्या निमित्ताने या विषयाची साधी, व्यवहारोपयोगी मांडणी करावी असे वाटले.

मनोविकारतज्ज्ञ आपल्याकडे मुळातच थोडे आहेत. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मध्यप्रदेशात दर लाख लोकसंख्येमागे ०.०५ मनोविकारतज्ज्ञ नोंदले गेले, म्हणजे वीस लाखांमागे एक. त्याच सर्वेक्षणात केरळचा आकडा १.२ होता. इंदूरसारख्या मोठ्या शहराची स्थिती राज्याच्या सरासरीहून बरी आहे; परंतु आसपासच्या जिल्ह्यांतील रुग्णांचा ओघही इंदूरकडेच असतो, हे विसरता येत नाही.

प्रश्न नेमका कोठे अडतो?

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. पात्र कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार तीत रोख रक्कम न भरता मिळतात. आधीपासून असलेला आजारही पहिल्या दिवसापासून समाविष्ट असतो आणि मनोविकारांसाठी उपचारांची स्वतंत्र पॅकेजेस आहेत. मात्र ही योजना रुग्णालयात दाखल होणाऱ्या रुग्णासाठी आहे. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस, एवढाच बाहेरचा खर्च तीत धरला जातो. बाह्यरुग्ण विभागातील नेहमीची तपासणी आणि दरमहाची औषधे तीत येत नाहीत.

मोतीबिंदूच्या किंवा हाडाच्या शस्त्रक्रियेला ही रचना पुरते. मनोविकाराला ती पुरत नाही, कारण त्याचा उपचार प्रामुख्याने खाटेवर होतच नाही. छिन्नमनस्कतेचा रुग्ण काही वर्षांतून एकदा दोन-तीन आठवडे दाखल होतो. उरलेला सारा काळ तो घरी असतो, औषध घेत असतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी डॉक्टरांपुढे बसतो. नैराश्याच्या बहुसंख्य रुग्णांना तर दाखल व्हावेच लागत नाही. लिथियम चालू असेल तर रक्तातील त्याची पातळी, थायरॉइड व मूत्रपिंड यांची तपासणी ठरावीक काळाने करावी लागते. क्लोझापिन सुरू केल्यावर पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. हे सारे घरी राहूनच चालते. थोडक्यात, कार्ड खाटेचे आहे आणि आजार घरचा आहे.

हा भेद न कळल्याने काय होते, याचे एक उदाहरण मी जवळून पाहिले आहे. मुलगा सव्वीस वर्षांचा, वडील बंद पडलेल्या कापड गिरणीतील कामगार. औषधांनी मुलगा सावरला होता, लहानशी नोकरीही करीत होता. घरी कार्ड आल्यावर, आता फी आणि औषधे यांचा भार हलका होईल, या आशेने वडिलांनी तीन खासगी दवाखाने पालथे घातले. तिन्ही ठिकाणी "आम्ही कार्ड घेत नाही" असे उत्तर मिळाले. त्यात त्या डॉक्टरांचा दोष नव्हता. सल्ला देणारा खासगी दवाखाना या योजनेत येतच नाही. परंतु वडिलांनी त्याचा अर्थ वेगळा घेतला : या आजाराला सरकार काही देत नाही. हात आखडता घेत घेत औषध बंद झाले आणि चौथ्या महिन्यात मुलगा पुन्हा उन्मळला. नोकरी गेली ती गेलीच. वास्तविक त्याची तपासणी आणि औषधे कार्डाविनाही मोफत मिळण्यासारखी होती. ते दार त्यांना कोणी दाखविले नव्हते.

म्हणून "कार्ड चालणारा मनोविकारतज्ज्ञ कोण?" या एका प्रश्नाचे दोन प्रश्न करावेत, असे मी सुचवितो : नेहमीची तपासणी व औषधे कोठे? आणि दाखल करण्याची वेळ आली तर कोठे?

नेहमीची तपासणी व औषधे

येथे आधार कार्डाचा नव्हे, कायद्याचा आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम १८ने शासकीय खर्चाने चालणाऱ्या मानसिक आरोग्यसेवेचा हक्क प्रत्येकास दिला आहे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीस, तिच्यापाशी तसे कार्ड असो वा नसो, तसेच निराधार व बेघर व्यक्तीस शासकीय मानसिक आरोग्य केंद्रात उपचार विनामूल्य मिळावेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

व्यवहारात आपल्या भागातील दारे अशी आहेत. जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली 'मनकक्ष' चालतात. हा राष्ट्रीय कार्यक्रम १९९६ पासून टप्प्याटप्प्याने वाढत आला आहे. इंदुरात वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असे बाणगंगा येथील शासकीय मानसिक चिकित्सालय आहे, तर ग्वाल्हेरकरांना १९३५ पासूनची मानसिक आरोग्यशाळा आहे. 'बाणगंगा' हे नाव ऐकताच आपली माणसे कचरतात, हे मला ठाऊक आहे. परंतु बाह्यरुग्ण विभागात जाणे म्हणजे भरती होणे नव्हे. रुग्ण तपासून घेतो, औषधे घेतो आणि दुपारी घरी जेवायला येतो. एवढे समजावून सांगितले तरी निम्मी भीती जाते.

एखाद्या कुटुंबाचा खासगी मनोविकारतज्ज्ञांवर विश्वास बसला असेल, तर तो मोडण्याचे कारण नाही. त्यांची फी द्यावी. मात्र औषधे व रक्ताच्या तपासण्या शासकीय रुग्णालयातून किंवा जनऔषधी केंद्रातून स्वस्तात करता येतील का, हे त्यांनाच मोकळेपणाने विचारावे. बहुतेक डॉक्टर औषधाचे मूळ नाव लिहून देतात. दोन भेटींच्या मधल्या काळासाठी, तसेच कोठे जावे हेच कळत नसेल तेव्हा, १४४१६ हा टेलिमानसचा निःशुल्क क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा चालू आहे. समुपदेशक ऐकून घेतात आणि गरज असल्यास तज्ज्ञांशी जोडून देतात.

दाखल करण्याची वेळ आली तर

येथे कार्ड उपयोगी पडते. पण तयारी आधीची हवी. योजनेच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा आणि वैद्यकीय शाखा निवडून रुग्णालये शोधता येतात. शाखेच्या रकान्यात 'मेंटल डिसऑर्डर्स' निवडावे. केवळ रुग्णालयाचे नाव यादीत असणे पुरेसे नाही, हे पक्के लक्षात ठेवावे. एखादे रुग्णालय अस्थिरोगासाठी संलग्न असेल आणि मनोविकारासाठी नसेल. शिवाय काही पॅकेजेस केवळ शासकीय रुग्णालयांसाठी राखून ठेवण्याचा अधिकार राज्यांना आहे. म्हणून १४५५५ या मदत क्रमांकावर किंवा थेट रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे पुढील गोष्टी विचाराव्यात.

१. मनोविकार शाखा या रुग्णालयात योजनेखाली आज चालू आहे का?
२. मनोविकारतज्ज्ञ पूर्णवेळ आहेत, की ठरावीक दिवशी येतात?
३. अधिनियमानुसार मानसिक आरोग्य केंद्र म्हणून रुग्णालयाची नोंदणी आहे का?
४. सोबत नातेवाइकाने राहावे लागते का?
५. घरी सोडताना पंधरा दिवसांची औषधे मिळतील का, आणि पुढील तपासणी कोठे करावयाची?

योजनेतील उपचारासाठी संलग्न रुग्णालयास वेगळे पैसे मागता येत नाहीत. कोणी मागितल्यास १४५५५ वर तक्रार नोंदवावी.

आणखी एक सूचना मी प्रत्येक घरास आवर्जून करतो. आयुष्मान कार्ड कुटुंबाचे एकत्र नसते, प्रत्येक सदस्याचे वेगळे असते आणि त्यासाठी आधारची पडताळणी लागते. रुग्ण शांत व बरा असतानाच त्याचे कार्ड काढून ठेवावे. उन्मादाच्या भरात असलेला माणूस अंगठा देण्यास बसत नाही.

इतर कार्डांविषयी

सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकास, उत्पन्न कितीही असले तरी, २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर अशा आपल्या वस्त्यांत मुले पुण्याला वा परदेशी आणि आईवडील येथे एकटे, अशी घरे पुष्कळ आहेत. वार्धक्यातील नैराश्य, स्मृतिभ्रंश, एकाएकी आलेला बुद्धिभ्रम यांसाठी दाखल करावे लागल्यास हे कार्ड हाताशी असावे. पेन्शनर असल्याने आपण पात्र नाही, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. केंद्र सरकारच्या सीजीएचएस किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएसचे लाभार्थी असणाऱ्यांना मात्र दोहोंपैकी एक योजना निवडावी लागते. मनोविकाराचा दीर्घकालीन रुग्ण घरात असेल तर ही निवड विचारपूर्वक करावी. कारण त्या दोन्ही योजनांत बाह्यरुग्ण तपासणी व औषधे मिळतात, आयुष्मानमध्ये मिळत नाहीत.

कामगार राज्य विमा योजनेचेही तसेच. कारखान्यात किंवा दुकानात नोंदणीकृत नोकरी असणारा कामगार व त्याचे कुटुंब यांना तपासणी, औषधे आणि भरती अशा तिन्ही सोयी मिळतात. इंदुरात नंदानगर येथे या योजनेचे रुग्णालय आहे. एक तरतूद तर फारच थोड्यांना माहीत असते. दीर्घ मुदतीच्या आजारांच्या यादीत मनोविकृतींचाही समावेश असून, सेवेच्या व अंशदानाच्या अटी पूर्ण करणाऱ्या कामगारास वेतनाच्या ८० टक्के इतका विस्तारित आजारपणाचा लाभ कमाल दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. आजारी पडताच राजीनामा देण्यापूर्वी ही चौकशी अवश्य करावी.

नावांच्या सारखेपणाने होणारा एक घोटाळाही येथे दूर करतो. मध्यप्रदेशात आयुष्मान योजना 'निरामयम्' या नावाने ओळखली जाते. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही वेगळी विमा योजना आहे. ती स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी एक लाख रुपयांपर्यंतची असून तीत बाह्यरुग्ण खर्चही धरला जातो. छिन्नमनस्कता वा नैराश्य यांसाठी ती नाही.

खासगी विमा घेतलेल्यांनी अधिनियमाचे कलम २१ (४) लक्षात ठेवावे : शारीरिक आजाराला ज्या आधारावर विमा मिळतो, त्याच आधारावर मानसिक आजारालाही मिळाला पाहिजे. विमा नियामक प्राधिकरणाने १६ ऑगस्ट २०१८ रोजी तसे परिपत्रक काढले आणि २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही एका प्रकरणात विमा कंपनीचा नकार अमान्य केला.

आपण कुटुंबवैद्यांनी काय करावे?

सन्मित्रहो, मनोविकाराचा रुग्ण प्रथम येतो तो आपल्याकडे. झोप लागत नाही, पोटात गोळा येतो, छाती धडधडते, अशा तक्रारी घेऊन. "मोठ्या डॉक्टरांना दाखवा" एवढे सांगून आपले काम संपत नाही. कोणत्या दारी, कोणत्या वारी, कोणते कागद घेऊन जावे, हे चिठ्ठीवर लिहून दिले तर रुग्ण तेथवर पोहोचतो. चिठ्ठीत आजवरची औषधे, त्यांची मात्रा आणि इतर आजार यांची नोंद असावी. परत आल्यावर तज्ज्ञांच्या सल्ल्याने औषध चालू ठेवणे आणि भेट चुकल्यास घरी दूरध्वनी करणे हे कामही आपलेच. कोणत्याही योजनेने त्याचे पॅकेज ठरविलेले नाही.

रुग्ण स्वतःच्या वा दुसऱ्याच्या जिवावर उठला असेल, तर कार्डाचा शोध नंतर घ्यावा. अधिनियमाच्या कलम ९४नुसार अशा आणीबाणीत कोणताही नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक, नामनिर्देशित प्रतिनिधी उपलब्ध असल्यास त्याच्या संमतीने, ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो आणि रुग्णास जवळच्या मानसिक आरोग्य केंद्रात नेण्याची व्यवस्थाही करू शकतो. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीवर खटला होईल या भीतीने नातेवाईक तिला घरात दडवून ठेवतात. कलम ११५ने तशी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले आहे. हे त्यांना सांगण्याचे धैर्य आपण दाखवावे.

शेवटी आपल्या संस्थेस एक विनंती. मनकक्षाचे वार, शासकीय बाह्यरुग्ण विभागाच्या वेळा, मनोविकार शाखा खरोखर चालू असलेली संलग्न रुग्णालये आणि सवलतीत रुग्ण पाहण्यास तयार असलेले सभासद तज्ज्ञ, यांची एक पानाची यादी दरवर्षी आपण तयार करावी व ती प्रत्येक सभासदाच्या दवाखान्यात लावावी. यादी जुनी झाली की निरुपयोगी होते, म्हणून वर्षातून दोनदा दूरध्वनी करून ती तपासण्याचे काम कोणीतरी अंगावर घेतले पाहिजे. या वर्षापुरते ते मी घेण्यास तयार आहे.