चूकही चोरली, म्हणून सापडले!

ओरेगन विद्यापीठाने शिकवण्याचं काम करणाऱ्या आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तिका छापली होती. तिच्यातला एक भाग स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पुस्तिकेतून उचललेला असल्याचं 1980 मध्ये उघड झालं. कोणता भाग? वाङ्मयचौर्य म्हणजे काय, हे समजावणारा! ओरेगनने माफी मागितली.

सहाच्या सहा हजर

उचलेगिरी करणारा अनेकदा सापडतो तो उचललेला मजकूर स्वतःच न वाचल्यामुळे. याचा सगळ्यात देखणा दाखला गणितातला आहे. 1628 मध्ये डच गणिती आद्रियान व्लाक याने लॉगॅरिदमची कोष्टकं छापली. आकड्यांच्या त्या रानात काही चुका राहून गेल्या. पुढे 1834 मध्ये चार्ल्स बॅबेजच्या गणनयंत्रावर लिहिताना डायोनिसियस लार्डनरने एक हकिगत सांगितली. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथालयात चिनी लिपीत छापलेली कोष्टकं होती. त्यांत व्लाकचा उल्लेख नव्हता. कुणीतरी व्लाकच्या सहा ठरावीक चुका त्यांत शोधून पाहिल्या, तर सहाच्या सहा तिथे हजर! बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच येणार; पण त्याच सहा चुका त्याच जागी योगायोगाने होत नाहीत. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कुठल्याही बाईंना हे वेगळं सांगावं लागत नाही.

मूत्रपिंडाचा हिरमोड

आता चोरी लपवायला सॉफ्टवेअर मिळतं. ते शब्दांच्या जागी समानार्थी शब्द भरतं, मग मजकूर जुळत नाही. पण ते अर्थ कुठे जाणतं? गिलॉम कबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव या तिघांनी 2021 मध्ये शोधनिबंधांतल्या अशा चमत्कारिक शब्दांची मोठी जंत्रीच मांडली. 'ब्रेस्ट कॅन्सर'चं झालं होतं 'बुझम पेरिल', म्हणजे छातीवरचं संकट, 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस', म्हणजे चक्क नकली जाणीव. याच जातीचं आणखी एक रत्न म्हणजे 'किडनी फेल्युअर'चं 'किडनी डिसअपॉइंटमेंट'. मूत्रपिंड निकामी झालं नाही, त्याचा हिरमोड झाला! हे नियतकालिकांत छापून आलं, म्हणजे लेखक, परीक्षक, संपादक यांपैकी कुणीही नीट वाचलं नाही. मला चोरीइतकंच हे न वाचणं गंभीर वाटतं.

खुर्च्या गेल्या त्या अशा

जर्मनीचे संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग यांचा प्रबंध 2011 मध्ये नेटवरच्या स्वयंसेवकांनी पान न् पान तपासला. 393 पानांपैकी 371 पानांवर उचललेला मजकूर असल्याचं त्यांनी दाखवलं. प्रस्तावनेची सुरुवातच वर्तमानपत्रातल्या लेखातली होती. फेब्रुवारीत डॉक्टरेट गेली, मार्चमध्ये मंत्रिपद. शिक्षणमंत्री आनेटे शावान यांनी तेव्हा 'लाज वाटते' असं जाहीर बोलून दाखवलं होतं. 2013 मध्ये त्यांचीही डॉक्टरेट रद्द झाली आणि त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या 1980 सालच्या प्रबंधाचा विषय होता माणूस आणि त्याची सदसद्विवेकबुद्धी.

हंगेरीचे राष्ट्राध्यक्ष पाल श्मिट हे तलवारबाजीत ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवलेले खेळाडू. प्रबंधही ऑलिंपिकवरच. 2012 मध्ये तोच अंगाशी आला आणि पद सोडावं लागलं.

दहा टक्क्यांचा धसका

आपल्याकडे यूजीसीचे 2018चे नियम आहेत. प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. चाळीसपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचा, साठपर्यंत असेल तर वर्षभर बंदी, त्यावर गेलं तर नोंदणीच रद्द. अवतरणचिन्हांत श्रेय देऊन घेतलेला मजकूर, संदर्भसूची, कायद्याची कलमं, ठरलेली समीकरणं यात धरायची नाहीत. सर्वज्ञात माहितीतले किंवा योगायोगाने जुळलेले सलग चौदापर्यंत शब्दही माफ. हे मात्र विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही. ते बिचारे साम्य मोजणाऱ्या सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमधला आकडा खाली आणायला स्वतःची चांगली वाक्यं मोडत बसतात.

आकडा फसवतो, हे मराठीत तर लख्ख दिसतं. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'का' दिसतो, पण फाइलमध्ये साठवलेली असतात 'डी' आणि 'के' ही रोमन अक्षरं. नुसती अक्षरं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरला सगळा प्रबंध अगम्य इंग्रजी वाटणार. आणि इंग्रजी पुस्तकाचं प्रकरण मराठीत उतरवून स्वतःच्या नावावर खपवलं, तर अशा जुळवाजुळवीत साम्य शून्य, चोरी शंभर टक्के. तिथे विषय जाणणारा गाईडच लागतो.

नकळत झालं तर?

हेलन केलरने अकराव्या वर्षी 'द फ्रॉस्ट किंग' ही गोष्ट लिहिली. 1892 मध्ये ती छापून आल्यावर लक्षात आलं, की मार्गारेट कॅन्बी यांच्या जुन्या गोष्टीशी ती फारच जुळते. ती गोष्ट हेलनला कधीकाळी वाचून दाखवली गेली होती. मजकूर मनात राहिला, मूळ विसरलं. त्या मुलीची चौकशी समितीपुढे उलटतपासणी झाली.

प्रबंधासाठी वर्षानुवर्षं टिपणं काढणाऱ्या कुणाचंही असं होऊ शकतं. म्हणून वहीत वाक्य उतरवून घेतानाच अवतरणचिन्हं, पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक टाकावा, नंतर नव्हे. दुसऱ्याचं निळ्या शाईत, आपलं काळ्या. मुद्दा आपल्या शब्दांत मांडायचा असेल तर पुस्तक मिटून लिहावं, मग उघडून ताडून पाहावं, आणि शब्द आपले असले तरी ज्याचा मुद्दा त्याचं नाव खाली द्यावंच.