वाहनांचा धूर आणि चालकाचे अवधान

वाहनांच्या धुराची चर्चा निघाली म्हणजे रस्त्याकाठी राहणाऱ्यांचा विचार प्रथम होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु तोच धूर दिवसाचे आठ-दहा तास सोसणाऱ्या चालकाचा विचार क्वचितच होतो. वास्तविक, पुढील वाहनाचा धूर त्याच्याच खिडकीतून आत येतो आणि मागे बसलेल्या ४०-५० प्रवाशांची सुरक्षितता त्याच्या अवधानावर अवलंबून असते.

या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू विशेष फसवा आहे. त्याला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला २०० पटींहून अधिक घट्ट धरून ठेवते. साहजिकच मेंदूला होणारा प्राणवायूचा पुरवठा घटतो. मात्रा वाढली की डोके जड होते, गुंगी येते, निर्णयास विलंब होतो. चालक हा थकवाच समजतो. मोकळ्या हवेत आल्यानंतरही रक्तातील या वायूचे प्रमाण निम्म्यावर येण्यास चार-पाच तास लागतात. तेव्हा चहापुरत्या विश्रांतीने तो निघून जाईल, असे मानणे व्यर्थ होय. विडी-सिगारेट ओढणारा चालक तर तो थोडाफार रक्तात घेऊनच गाडीवर बसतो.

डिझेलच्या धुराचे परिणाम अधिक दीर्घकालीन आहेत. त्यातील सूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर जातात व हृदयविकाराचा धोका वाढवितात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये हा धूर कर्करोगकारक ठरविला.

शिसेयुक्त पेट्रोलची विक्री देशात २००० साली बंद झाली आणि १ एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांना ‘भारत स्टेज ६’ ही कडक मानके लागू झाली. सुधारणा मोठी आहे. मात्र जुनी वाहने अजून रस्त्यावर आहेत.

प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्राविषयी एक गैरसमज येथे दूर करावयास हवा. त्या तपासणीत वाहनाच्या मागील नळीतून निघणारा धूर मोजला जातो. वाटेत नळीचा सांधा सुटून धूर चालकाच्या कक्षात झिरपत असल्यास ते प्रमाणपत्रावरून कळत नाही. यासाठी सायलेन्सर व त्याचे सांधे वेळोवेळी गॅरेजमध्ये तपासून घ्यावेत. शाळेच्या फाटकापाशी किंवा आठवडे बाजारात उभ्या वाहनांची इंजिने बंद ठेवण्याचा नियम ग्रामपंचायतीस सहज करता येईल. बंदिस्त जागेत इंजिन चालू ठेवून गाडीत झोपणे मात्र जिवावर बेतू शकते, हे प्रत्येक चालकास स्पष्टपणे सांगितले पाहिजे.