जुना कॅमेरा अजून चालतो, म्हणजे तो जास्त टिकाऊ?

‘पूर्वीचे यांत्रिक कॅमेरे आयुष्यभर चालायचे, इलेक्ट्रॉनिक मात्र लगेच जातात.’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. संशोधनाकडे वळायचं असेल तर त्यावर मान डोलवण्याआधी एक प्रश्न विचारा: बंद पडलेले कॅमेरे कुठे गेले?

समजा, बांद्यात एखाद्या घराच्या माळ्यावर चालू स्थितीतला यांत्रिक कॅमेरा सापडला. तो वाचलेल्यांपैकी एक. त्याच्याबरोबरचे किती भंगारात गेले, ते दिसतच नाही. फक्त वाचलेल्यांवरून निष्कर्ष काढण्याच्या या चुकीला ‘सर्व्हायव्हरशिप बायस’ म्हणतात. शिवाय महागडा यांत्रिक कॅमेरा आणि स्वस्त इलेक्ट्रॉनिक यांची तुलना केली, तर आपण टिकाऊपणा नाही, किंमत मोजतो.

म्हणून जोडी नीट निवडायची. निकॉनचा एफएम-२ आला १९८२ मध्ये, एफई-२ आला १९८३ मध्ये. कंपनी एक, काळ एक, बांधणी बरीचशी सारखी. एफएम-२चं शटर स्प्रिंग आणि दातेरी चाकांवर चालतं. बॅटरी लागते ती फक्त प्रकाश मोजायला. एफई-२मध्ये शटरची वेळ सर्किट ठरवतं. बॅटरी संपली की १/२५० सेकंद आणि ‘बल्ब’, एवढंच हाती उरतं.

दोघांची बिघडण्याची तऱ्हाही वेगळी. यांत्रिक कॅमेरा हळूहळू बिघडतो. वंगण घट्ट झालं की १/८ सेकंदाचं शटर १/४ सेकंद उघडं राहू शकतं, म्हणजे प्रकाश दुप्पट. इलेक्ट्रॉनिक शटर वर्षानुवर्षं अचूक चालतं, पण सर्किट गेलं की कॅमेरा एका दिवसात बंद, आणि सुटा भाग मिळणं कठीण.

मग ‘बिघडला’ कधी म्हणायचं? दुप्पट प्रकाश निगेटिव्ह फिल्म सहसा खपवून घेते, स्लाइड फिल्म नाही. म्हणजे तोच कॅमेरा एकासाठी चालू, दुसऱ्यासाठी बाद. ही व्याख्या मोजणी सुरू करण्याआधीच लिहून ठेवा.

त्यात आपली दमट हवा. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लेन्सवर बुरशी धरते, ती आत स्प्रिंग आहे की सर्किट हे बघत नाही. प्रकाश अडवणारा आतला फोमही दोन्हींत चिकट होतो. अल्कलाइन सेल गळला तर पत्र्याचे संपर्क गंजतात. एफएम-२चा प्रकाशमापक जातो, एफई-२चं जवळजवळ सगळंच. त्यामुळे बांद्यातला कॅमेरा आणि सोलापुरातला कॅमेरा एकाच रकान्यात टाकू नका.

प्रयोग कॉलेजच्या प्रयोगशाळेतही होईल. कॅमेऱ्याची पाठ उघडा, पुढे दिवा, मागे फोटोट्रान्झिस्टर, तो ऑसिलोस्कोपला जोडा. प्रत्येक वेग दहा वेळा मोजा, सरासरीबरोबर फरकही नोंदवा. बंद कॅमेरेही यादीत घ्या, आणि कॅमेरे दुरुस्त करणाऱ्यांना विचारा: कुठला भाग गेला, दुरुस्त झाला का? ही माहिती बहुतेक त्यांच्या डोक्यातच असते. दुकान बंद झालं की ती गेली, आणि यांत्रिक कॅमेऱ्याचा दुरुस्त होण्याचा मोठा फायदाही त्याबरोबर गेला.

घरात असा कॅमेरा असेल तर मिरगाआधी सेल काढा, सिलिका जेल घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि महिन्यातून एकदा कमी वेगावर शटर चालवून बघा. तारीख आणि निरीक्षण वहीत लिहिलंत, तर तुमची पहिली डेटाशीट तयार झाली.