शंभर मीटरची रेघ

मतदानाचा दिवस. जिल्हा परिषदेच्या शाळेकडे जाणारा डांबरी रस्ता. रस्त्यावर पांढऱ्या फक्कीची आडवी रेघ. शेजारच्या खांबाला पुठ्ठा बांधलाय : '100 मीटर'. शाळेचं फाटक अजून बरंच पुढे आहे.

रेघेअलीकडे एका पक्षाचं एक टेबल, दोन खुर्च्या, वर ताडपत्री. थोडं अंतर सोडून दुसऱ्या पक्षाचं टेबल. तिथंही तेवढंच. तिसरी खुर्ची नियमात बसत नाही, म्हणून तिसरा कार्यकर्ता मोटारसायकलला टेकून उभा. 2025 पर्यंत ही टेबलं दोनशे मीटरवर असायची. आता शंभराच्या बाहेर चालतात.

"लेकरा, माझं नाव बघ की," आजी टेबलावर वाकतात. पोराचं बोट यादीवरून खाली सरकत जातं. भाग, अनुक्रमांक, नाव. सगळं पांढऱ्या चिठ्ठीवर उतरतं. चिठ्ठीवर ना चिन्ह, ना उमेदवार. "आजी, खोली नंबर दोन." पुढचं वाक्य ओठांवर येतं. समोर हवालदार उभा आहे. पोरगा यादीत डोकं घालतो.

आजींच्या मागोमाग मी रेघ ओलांडतो. एक तरुण घाईत येतोय, गळ्यात पक्षाचं उपरणं. "ओ भाऊ, गळ्यातलं काढा आधी!" तो घडी करून ते खिशात कोंबतो. रेघेच्या आत मत मागणं, चिन्ह मिरवणं हा 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 130 खाली गुन्हा आहे. दंड जास्तीत जास्त 250 रुपये. पण पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात. धाक आहे तो त्याचा.

फाटकाच्या आत दोन रांगा. बायकांची रांग लिंबाच्या सावलीत, पुरुषांची भर उन्हात. कुणी टोपीनं वारा घेतंय. कुणी पाण्याचा माठ शोधतंय. प्रचाराचे भोंगे मतदान संपण्याच्या 48 तास आधीच बंद झालेत. त्यामुळे वर्गातल्या यंत्राचा लांबलचक 'पीं' आवाज इथपर्यंत येतो. रांग एका पावलानं पुढे सरकते.

दारात आजी चिठ्ठी पुढे करतात. "ओळखपत्र?" त्या कनवटीची पिशवी सोडतात. आधारकार्ड निघतं. मागच्या गृहस्थांकडे फक्त चिठ्ठी आहे. त्यांना घरी परत जावं लागतं.

टेबलावरची चिठ्ठी फक्त नाव शोधायला. कुणाच्याही टेबलावरून घ्या, पण ओळखपत्र घेऊनच घराबाहेर पडा.