गाळणीवाले देवमासे

पृथ्वीवरील सर्वांत मोठा प्राणी कोणता, असे कोणी विचारले तर तुम्ही लगेच उत्तर द्याल, "निळा देवमासा!" उत्तर बरोबर आहे. पूर्ण वाढलेला निळा देवमासा तीस मीटरपर्यंत लांब असू शकतो. तीन एस. टी. गाड्या एकामागे एक उभ्या केल्या, तर साधारण तेवढी लांबी होईल. त्याचे वजन दीडशे टनांच्या घरात जाते, म्हणजे पंचवीस-तीस हत्तींएवढे. आता दुसरा प्रश्न. एवढा अवाढव्य प्राणी खातो तरी काय? उत्तर ऐकून तुम्हांला नवल वाटेल. त्याचे मुख्य अन्न म्हणजे 'क्रिल' नावाचे, कोळंबीसारखे दिसणारे, फार तर बोटाएवढे लहान जीव.

आधी नावाविषयी थोडे. मराठीत आपण 'देवमासा' म्हणतो. उर्दूत तुम्ही 'व्हेल मछली' म्हणता. दोन्ही नावांत मासा आहे, पण हा प्राणी मात्र मासा नाही! मासे कल्ल्यांनी श्वास घेतात. देवमाशाला फुप्फुसे असतात, म्हणून श्वास घेण्यासाठी त्याला पाण्याच्या वर यावेच लागते. तो अंडी घालत नाही. मादी पिलाला जन्म देते आणि दूध पाजते. म्हणजे गाय, घोडा आणि माणूस यांच्याप्रमाणे देवमासाही सस्तन प्राणी आहे.

देवमाशांचे दोन गट आहेत. एका गटाला दात असतात. दुसऱ्या गटाला दात नसतात. त्यांच्या वरच्या जबड्यातून शेकडो पट्ट्या फणीच्या दातांसारख्या ओळीने खाली लोंबत असतात. या पट्ट्यांना 'बलीन' म्हणतात. आपली नखे व केस ज्या पदार्थाचे बनतात, त्याच पदार्थाचे हे बलीन असते. पट्ट्यांच्या आतल्या कडा झिजून त्यांचे तंतू मोकळे होतात आणि एकमेकांत गुंततात. त्यामुळे तोंडात एक मोठी गाळणीच तयार होते. घरी चहा गाळताना काय होते ते आठवा. चहा खाली जातो, चोथा वर राहतो. देवमाशाच्या तोंडातही असेच घडते. पाणी बाहेर जाते, अन्न आत राहते.

मात्र सर्व देवमासे एकाच रीतीने खात नाहीत. निळा देवमासा क्रिलच्या थव्यावर वेगाने झेपावतो आणि तोंड उघडतो. त्याच्या गळ्याखाली लांब घड्या असतात. त्या उलगडतात, गळा फुग्यासारखा फुगतो आणि एका वेळी पन्नास टनांहून अधिक पाणी तोंडात शिरते. मग तोंड मिटून तो हे पाणी बलीनमधून बाहेर ढकलतो आणि उरलेले अन्न गिळतो. उत्तर पॅसिफिक महासागरातील निळा देवमासा खाण्याच्या हंगामात दिवसाला सुमारे १६ टन क्रिल खातो, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

कुबड्या देवमासा, ज्याला इंग्रजीत 'हम्पबॅक' म्हणतात, तो अधिक चतुर आहे. अलास्काच्या किनाऱ्यावर हे देवमासे मिळून शिकार करतात. माशांच्या थव्याखाली जाऊन ते गोल फिरत बुडबुडे सोडतात. वर चढणाऱ्या बुडबुड्यांची जणू भिंतच तयार होते. मासे घाबरून मध्ये गोळा होतात आणि देवमासे तोंड उघडून खालून वर येतात. आपले कोळी बांधव जाळे टाकतात ते सुताचे किंवा नायलॉनचे. यांचे जाळे हवेचे! करडा देवमासा मात्र समुद्राच्या तळाशी जातो, एका कुशीवर वळतो, चिखल तोंडात ओढतो आणि त्यातील बारीक जीव गाळून घेतो.

आता त्यांच्या प्रवासाकडे वळू. ध्रुवांकडील थंड समुद्रात उन्हाळ्यात भरपूर अन्न तयार होते. देवमासे तेथे महिनोन् महिने खातात आणि कातडीखाली चरबीचा जाड थर साठवतात. हिवाळा जवळ आला की त्यांतील बरेचसे उबदार समुद्राकडे निघतात. तेथे पिले जन्मतात. नवजात पिलाच्या अंगावर चरबी कमी असते, म्हणून उबदार पाणी त्याला मानवते. शिवाय पिलांची शिकार करणारे 'ओर्का' तेथे कमी असतात, असे शास्त्रज्ञ सांगतात. पण या उबदार पाण्यात मोठ्यांसाठी अन्न फारसे नसते. आई स्वतः जवळजवळ उपाशी राहते आणि साठवलेल्या चरबीवर पिलाला दूध पाजते. पिलू बळकट झाले की दोघे पुन्हा थंड समुद्राकडे निघतात.

अलास्काचे अनेक कुबड्या देवमासे हिवाळ्यात हवाई बेटांजवळ जातात. हे अंतर एका बाजूने सुमारे ४,८०० किलोमीटर आहे. करडा देवमासा तर याहून मोठा प्रवासी. उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रापासून मेक्सिकोच्या खाड्यांपर्यंत जाऊन-येऊन तो वर्षाला १६,००० किलोमीटर किंवा त्याहूनही जास्त अंतर पोहतो.

परंतु हाच ठरलेला प्रवास त्यांच्या जिवावर उठला. ते कोणत्या महिन्यात कोठे असतात, हे शिकाऱ्यांना कळले. १८५७-५८ च्या हिवाळ्यात अमेरिकन कप्तान चार्ल्स स्कॅमन मेक्सिकोच्या एका खाडीत शिरला. तेथे पिलांसह आलेल्या माद्यांची कत्तल सुरू झाली. चरबीपासून दिव्याचे तेल निघे, तर बलीनपासून छत्रीच्या काड्या बनत. पुढे यंत्राची जहाजे आली. विसाव्या शतकात जगभर सुमारे २९ लाख देवमासे मारले गेले. अखेर १९८२ साली आंतरराष्ट्रीय आयोगाने व्यापारी शिकार थांबवण्याचा निर्णय घेतला आणि १९८६ पासून तो अमलात आला.

शिकार थांबल्यावर काही जातींची संख्या वाढली. २०१६ साली पूर्व पॅसिफिकमध्ये सुमारे २७ हजार करडे देवमासे होते. पण २०१९ पासून हडकुळे, मेलेले देवमासे किनाऱ्यांवर सापडू लागले. २०२५ च्या मोजणीत ही संख्या सुमारे १३ हजारांवर आली. उत्तरेकडील समुद्रावरचे बर्फ घटल्यामुळे तळाचे अन्नही कमी झाले, असे शास्त्रज्ञ मानतात. वर्षभराची शिदोरी जेथे बांधायची, तेथेच ती अपुरी पडू लागली.

हे सारे दूरदेशीचे झाले. आता आपल्या अरबी समुद्राची गोष्ट ऐका. येथेही कुबड्या देवमासे आहेत, पण ते ध्रुवाकडे जात नाहीत. का बरे? उत्तर वाऱ्यात आहे. 'मोसमी वारे' हा शब्द तुमच्या ओळखीच्या 'मौसम' या शब्दाशी जोडलेला आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे ओमानच्या किनाऱ्यावरचे पाणी दूर ढकलतात आणि खोलवरचे थंड, पोषक पाणी वर येते. त्यामुळे तेथे भरपूर अन्न तयार होते. अन्न आणि उबदार पाणी दोन्ही याच समुद्रात मिळाले, तर हजारो किलोमीटर दूर जायचे कशाला?

२०१७ साली ओमानजवळ एका मादीच्या अंगावर शास्त्रज्ञांनी उपग्रहाला संदेश पाठवणारे छोटे यंत्र बसवले. तिचे नाव 'लुबान', म्हणजे तुमचा-आमचा लोबान. ती अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली, भारताच्या दक्षिण टोकापर्यंत गेली आणि परत ओमानला पोहोचली. तिच्यासारखे देवमासे आता फार थोडे उरले आहेत. ओमानच्या किनाऱ्यालगत त्यांची संख्या शंभराहून कमी असावी, असा अंदाज आहे. १९६५ व १९६६ साली सोव्हिएत जहाजांनी या समुद्रात २४२ कुबड्या देवमासे मारले होते. ते नुकसान अजून भरून आलेले नाही.

आज आपल्या समुद्रात त्यांना भाला मारणारे कोणी नाही. भारतात देवमाशाच्या शिकारीला कायद्याने बंदी आहे. पण जाळ्यात अडकून किंवा जहाजाची धडक बसून ते मरू शकतात. जाळ्यात अडकलेला देवमासा श्वासासाठी वर येऊ शकला नाही, तर गुदमरून मरतो. जाळे कापून त्याला सोडावे, तर कोळ्याचे नुकसान होते. जाळे म्हणजे त्याची रोजीरोटी. हे ओळखून महाराष्ट्र शासनाने २०१८ साली एक योजना सुरू केली. संरक्षित सागरी प्राण्याला जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला तेव्हा २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याचे ठरले. प्राणी वाचावा आणि माणसाचे पोटही उपाशी राहू नये, असा हा विचार आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी काहीजण किनाऱ्याजवळ राहत असतील. कधी वाळूवर अडकलेला देवमासा दिसला, तर त्याच्या पाठीवर चढू नका, त्याच्याभोवती गर्दी करू नका. पाण्याबाहेर त्याचे स्वतःचेच वजन त्याला चिरडत असते. त्याच्या डोक्यावरील श्वासाच्या छिद्रात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नका आणि ताबडतोब वनखात्याला कळवा. हजारो कोस पोहून आलेल्या या पाहुण्याला त्या घडीला तुमच्या शहाणपणाचीच गरज असते.