खानदेशातील फड आणि पाण्याची न्याय्य वाटणी

महाराष्ट्राच्या उत्तरेस असलेल्या खानदेश प्रांताविषयी आपल्या सोलापूरकडील शेतकरीवर्गास फारशी माहिती असत नाही. जळगावची केळी बाजारात येतात व आषाढीस मुक्ताईची पालखी तिकडून पंढरपुरास येते, एवढ्यावर आपली ओळख संपते. वस्तुतः पाण्याच्या वाटणीचा जो प्रश्न आज आपल्या जिल्ह्यास छळीत आहे, त्याचे एक उत्तर त्या प्रांतातील कास्तकारांनी कित्येक पिढ्यांपूर्वी काढून ठेविले आहे. त्याची ओळख वाचकांस करून द्यावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे. परंतु प्रांत कसा हे कळल्यावाचून त्याची पद्धत कळत नाही. म्हणून प्रथम प्रांताविषयी दोन शब्द लिहितो.

उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर, पश्चिमेस सह्याद्री आणि मधून पश्चिमवाहिनी तापी, असा हा प्रदेश आहे. गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर या नद्या दक्षिणेकडून येऊन तापीस मिळतात. काळी जमीन खोल व कसदार आहे. कापूस हे तिचे जुने धन होय. 1906 साली या विस्तीर्ण जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढे जळगाव व धुळे जिल्हे झाले. 1998 साली धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला.

यादवांच्या काळी या मुलखास सेऊणदेश म्हणत. चाळीसगावजवळील पाटण येथील 1207 सालचा शिलालेख प्रसिद्ध आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापिला व त्यास उत्पन्न लावून दिले गेले, असे त्यावरून कळते. शास्त्राचा मठ चालावयाचा तोही अखेर गावच्या उत्पन्नावरच, हे शेतकऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पुढे 1370 च्या सुमारास मलिक राजा याने थाळनेर येथे फारुकी घराण्याचा पाया घातला. त्याचा पुत्र नासिरखान याने अशीरगड घेतला व बऱ्हाणपूर वसविले. 1601 साली अशीरगड अकबराच्या हाती जाऊन हे राज्य संपले. मोगलांमागून मराठ्यांचा अंमल आला. 1803–04 चा दुष्काळ व त्या वेळच्या स्वाऱ्या यांनी प्रांत पार उजाड झाला, गावेच्या गावे ओस पडली. 1818 साली इंग्रजांचा अंमल बसला, तेव्हा कॅप्टन ब्रिग्ज याने धुळ्यास ठाणे करून वसाहत पुन्हा उभी करण्याचे काम आरंभिले. डोंगरातील भिल्लांची पलटण आउट्रम याने 1825 साली धरणगावास उभी केली.

इतके उत्पात सोसूनही लोकांनी आपली बोली व आपले सण जतन केले. अहिराणी तिकडे घरोघर ऐकू येते. आखाजीस, म्हणजे अक्षय्य तृतीयेस, सासुरवाशिणी माहेरी येऊन झोके घेतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि भाऊबंदांची कुटुंबे एकत्र येऊन रोटाचा प्रसाद घेतात. कळण्याची भाकरी व वांग्याचे भरीत हे त्यांचे अन्न, जशी आपली कडक भाकरी व शेंगांची चटणी. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. परंतु शेतात राबता राबता त्यांनी रचलेली गाणी त्यांच्या निधनानंतर 1952 साली ग्रंथरूपाने निघाली आणि सर्व महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. ज्या साने गुरुजींनी अमळनेरास शिक्षकी केली, त्यांनीच मे 1947 मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून आपल्या जिल्ह्यात येऊन दहा दिवस उपोषण केले. म्हणजे खानदेशाचे आपणांवर ऋण आहेच. फडाचे ज्ञान घेऊन त्यात आणखी थोडी भर पडली, तर बिघडले कोठे?

आता मुख्य विषयाकडे वळतो. पांझरा, मोसम, आराम इत्यादी नद्यांवर ठिकठिकाणी जुने दगडी बंधारे आहेत. 1880 सालच्या खानदेशच्या गॅझेटिअरातही त्यांचे वर्णन आले आहे. बंधाऱ्याने नदीचे पाणी अडवून कालव्यात वळवावयाचे, कालव्यातून चाऱ्यांत व चाऱ्यांतून शेतांत उताराने न्यावयाचे. मोट नको की पंप नको. एका बंधाऱ्याखाली जेवढी जमीन भिजते, तिला थळ म्हणतात. त्या थळाचे तीन किंवा चार मोठे भाग पाडलेले असतात. तेच फड होत.

या पद्धतीचे मर्म दोन गोष्टींत आहे. पहिली ही की, एका फडात एका वर्षी एकाच तऱ्हेचे पीक घ्यावयाचे. एका फडात ऊस, दुसऱ्यात हंगामी बागाईत, तिसऱ्यात गहू-हरभऱ्यासारखे रब्बीचे पीक, आणि पुढील वर्षी पाळी बदलावयाची. दुसरी गोष्ट ही की, बहुतेक प्रत्येक खातेदाराची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असते. त्यामुळे ऊस एकाच्याच नशिबी आणि कोरडवाहू दुसऱ्याच्या, असे होत नाही. पाणी कमी दिसले तर पंच मंडळी हंगामाच्या आरंभीच एखादा फड पडीत ठेवण्याचे ठरवितात. नुकसान होते ते सर्वांचे, प्रत्येकाच्या जमिनीच्या मानाने.

आम्ही उभा जन्म महसुली दप्तरात घालविला. जमिनीचे तुकडे पडणे हे शेतीचे मोठे दुखणे, हेच आम्ही शिकलो. 1947 चा तुकडेबंदीचा व एकत्रीकरणाचा कायदा त्याच समजुतीने झाला आणि सामान्यतः ती समजूत रास्तच आहे. परंतु फडाच्या गावी हेच तुकडे न्यायाचे साधन होतात. तेथील एखाद्याचे सर्व तुकडे कालव्याच्या मुखाशी एकत्र केले आणि दुसऱ्याचे शेवटास, तर वरच्यास खालच्याची काळजी उरणार नाही. प्रत्येकाचे काही रान शेवटास आहे, म्हणूनच शेवटापर्यंत पाणी पोहोचावे असे प्रत्येकास वाटते.

व्यवस्थेसाठी माणसेही नेमलेली असतात. पाणी सोडणारा व शेताशेतास देणारा तो पाटकरी. त्याच्यावर देखरेख करणारा हवालदार. उभ्या पिकाची राखण करणारा जागल्या. यांचा मोबदला पूर्वी धान्यरूपाने मिळे. शेतधन्याने स्वतः दार उघडावयाचे नाही, पाणी पाटकऱ्याच्या हातूनच घ्यावयाचे, हा त्यातील कणा होय. कालव्यातील गाळ काढणे व बंधाऱ्याची डागडुजी ही कामे खातेदारांनी आपापल्या क्षेत्राच्या प्रमाणात श्रम वा पैसा देऊन करावयाची असतात.

ही पद्धत आज पूर्वीच्या जोमाने उरलेली नाही. नद्यांच्या वरच्या अंगास धरणे झाली, तेणेकरून बंधाऱ्यांवर येणारा प्रवाह पालटला. विहिरी व विजेचे पंप आले, तेव्हा ज्याच्या पदरी विहीर त्यास पंचांची गरज उरली नाही. तथापि पांझरेच्या काठी काही गावी फड अद्यापि चालू आहेत.

आता आपल्याकडे पाहू. सिद्धरामेश्वरांच्या तलावाची परंपरा आपल्या शहरास आहे; 1871 साली एकरूख तलाव पुरा झाला; 1980 साली उजनीचे धरण झाले. पाणी अडविण्यात आपण मागे राहिलो नाही, राहिलो ते वाटण्यात. नोकरीच्या काळात पाण्याच्या तक्रारींचे अर्ज आम्ही आवक बारनिशीस किती नोंदले, याची गणती नाही. आणि त्यांतील बहुतेक चारीच्या शेवटच्या खातेदारांचे असत. वरचा ऊस दोनदा भिजतो आणि खालची ज्वारी निसवण्याच्या वेळी करपते, हा मजकूर आम्हांस पाठ झाला होता. अर्जाने चौकशी होते, पंचनामा होतो. करपलेले कणीस मात्र भरत नाही.

2005 च्या कायद्याने पाणी वापर संस्थांस पाणी मोजून घेण्याचा व आपसांत वाटण्याचा अधिकार दिला आहे. कायदा आहे, त्यात जीव ओतणे आपल्या हाती आहे. खानदेशच्या अनुभवावरून आम्ही तीन सूचना करितो. पहिली, पाणी किती हे पाहून हंगामापूर्वीच चारीवरील पिकांचे क्षेत्र सभेत ठरवावे व उसास मर्यादा घालावी. दुसरी, दार उघडण्याचा हक्क एकाच पगारी पाटकऱ्यास द्यावा व त्याने पंचांस जबाब द्यावा. तिसरी, तूट आल्यास ती सर्वांनी क्षेत्राच्या मानाने सोसावी. ती शेवटच्यांच्या माथी मारू नये.

आपल्या जमिनी फडाप्रमाणे विभागलेल्या नाहीत, तेव्हा ती पद्धत जशीच्या तशी येथे बसणार नाही, अशी शंका कोणी घेईल. ती खरी आहे. परंतु बांध हलविता आला नाही तरी पाळी हलविता येते. एका आवर्तनात मुखापासून व पुढच्यात शेवटापासून पाणी द्यावे. म्हणजे वरच्यासही शेवटचा होण्याचा अनुभव येईल. सोसायटीच्या सभासदांनी येत्या रब्बीपूर्वी निदान एका चारीवर हा प्रयोग करून पाहावा, आणि त्याचा हिशेब, गोड वा कडू, या मासिकाकडे अवश्य पाठवावा.

— एक निवृत्त महसूल कारकून, सात रस्ता, सोलापूर